वेळीच थांबणारा गुलाब : कॅल्गरीच्या थंडीत गडद फुलांचा ‘हान्सा’

महाराष्ट्रात गुलाब लावणाऱ्या माणसाच्या हाताला एक सवय जडलेली असते. पावसाळा सरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की कात्री बाहेर निघते, झाड निम्म्याने खाली येते, आळे उकरून त्यात शेणखत पडते आणि सहा-सात आठवड्यांत, हिवाळ्याच्या तोंडावर, वर्षातली सर्वांत टपोरी फुले येतात. ही सवय घेऊन मी कॅनडातील कॅल्गरी शहरात आलो आणि पहिल्याच वर्षी, सप्टेंबरअखेरीस, रोपवाटिकेतून आणलेल्या एका गडद लाल हायब्रिड टी गुलाबावर, म्हणजे बाजारातल्या नेहमीच्या टपोऱ्या फुलांच्या जातीवर, ती चालवली. उन्हाचे दहा दिवस मिळाले, तांबूस कोवळे फुटवे आले, आणि एका रात्रीच्या हिमाने ते उकडलेल्या पालेभाजीसारखे काळे पडले. पुढच्या मे महिन्यात जमिनीखालून जे फुटले ते माझे झाड नव्हतेच. तो त्याचा खुंट होता, ज्यावर कलम बांधतात ते दुसऱ्याच गुलाबाचे मूळ.

शेजारच्या कुंपणाला लागून मात्र एक झुडूप उभे होते. त्याला कोणी झाकले नव्हते, बांधले नव्हते, छाटलेही नव्हते. जूनअखेर ते जांभळट किरमिजी फुलांनी भरून गेले आणि फाटकापाशी लवंगेसारखा वास येऊ लागला. त्याचे नाव ‘हान्सा’. एक गुलाब मेला आणि दुसरा त्याच थंडीत मजेत राहिला, याचे कारण दुसरा अधिक बळकट होता असे आपण सहज म्हणतो. परंतु खरे कारण बळापेक्षा वेळेच्या जाणिवेत आहे. थंड प्रदेशातील काटक झाड म्हणजे वेळीच थांबणारे झाड. ही एक गोष्ट नीट समजली की लागवड, खत, पाणी आणि छाटणी यांचे बहुतेक नियम पाठ न करताही लक्षात राहतात.

पाणी गोठते तेव्हा झाडात काय घडते ते आधी पाहू. पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक तयार झाले तर ते तिच्या नाजूक पडद्यांना फाडतात आणि पेशी मरते. काटक झाड ही वेळ येऊ देत नाही. थंडीची चाहूल लागताच त्याच्या पेशींत साखरेचे प्रमाण वाढते, पेशीपडद्याची घडण बदलते, आणि गोठण्याची वेळ आली की पाणी पेशीतून बाहेर पडून पेशींच्या मधल्या पोकळीत गोठते, जिथे त्याचा उपद्रव कमी असतो. आत उरलेला रस पाकासारखा दाट होत जातो. फ्रीझरमध्ये पाण्याची वाटी दगड होते, पण मोरंब्यात चमचा शिरतो. तसाच हा प्रकार आहे. मात्र ही तयारी एका रात्रीत होत नाही, तिला काही आठवडे लागतात. जी फांदी अजून वाढत आहे, जिच्या शेंड्याला कोवळी पालवी आहे, तिला ही तयारी करताच येत नाही.

मग झाडाला कळते कसे? पहिला इशारा थंडीचा नसून दिवसाच्या लांबीचा असतो. पुण्यात वर्षातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सुमारे सव्वादोन तासांचाच फरक पडतो. कॅल्गरीत जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा, तर डिसेंबरअखेरचा आठ तासांहूनही थोडा कमी असतो. ऑगस्टपासून दिवस झपाट्याने आखडू लागतो, त्याबरोबर काटक झाड वाढ आवरते, शेंडे मिटवते, आणि नंतरच्या हलक्या हिमाने त्याची तयारी आणखी पक्की होते. हायब्रिड टी गुलाबांच्या वंशात चीनमधील सदाबहार गुलाबांचे रक्त आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी हे गुलाब युरोपात पोहोचले, आणि कलकत्त्यामार्गे आल्यामुळे त्यांना कित्येक वर्षे ‘बंगालचे गुलाब’ म्हणत असत. आज बाजारातला गुलाब वर्षभर फुलतो तो त्यांच्याच देणगीमुळे. पण थांबणे न जाणणारे हे रक्त उणे तीस अंशांच्या मुलखात घातक ठरते. पुण्या-नाशकात जो गुण, तोच कॅल्गरीत दोष.

‘हान्सा’चे कूळ याच्या उलट आहे. तो रोझा रुगोझा या जातीचा संकर असून १९०५ साली नेदरलँड्समधील शाउम आणि व्हान टोल यांनी तो बाजारात आणला. रुगोझा म्हणजे लॅटिनमध्ये सुरकुतलेली; तिची जाड, शिरांच्या रेघांनी चुणल्यासारखी दिसणारी पाने पाहिली की नाव पटते. ईशान्य चीन, कोरिया, जपान आणि सैबेरियाचा आग्नेय भाग हे तिचे माहेर, आणि तिथेही ती वाढते समुद्रकाठच्या वाळूत, खारे वारे अंगावर घेत. जपानीत तिला ‘हामानासु’ म्हणतात. रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठाचे पाणी जिथे उडते, त्या कडेलाही ही जात तग धरते ती या माहेरच्या सवयीमुळेच. शरद ऋतूत तिची पाने पिवळी-नारिंगी होऊन रीतसर गळतात. हायब्रिड टीची पाने हिरवीच असताना हिम त्यांना गाठते. दोन झाडांतला फरक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नुसत्या नजरेने दिसतो.

आता रंगाविषयी. ‘गडद’ म्हणजे काळा नव्हे; काळा गुलाब म्हणून जे विकले जाते ते खोल लाल तरी असते किंवा रंगवलेले तरी. गुलाबाच्या पाकळीतील लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या वर्गातील रंगद्रव्यांमुळे येतो. नेहमीच्या लाल गुलाबात त्यांपैकी सायनिडिन मुख्य असते. रुगोझाच्या पाकळ्यांत पिओनिडिन हे त्याचे भावंड पुष्कळ असते, आणि तिच्या फुलांची जांभळट झाक त्याच्याशी जोडलेली आहे. खरा निळा रंग देणारे डेल्फिनिडिन गुलाब स्वतः तयार करू शकत नाही, म्हणून ही झाक किरमिजी आणि जांभळा यांच्या मध्येच राहते. पाकळीच्या वरच्या थराच्या पेशी टोकदार उंचवट्यांसारख्या असतात; त्या प्रकाश आत ओढून घेतात आणि मखमलीचा भास होतो. गार हवेत हे रंगद्रव्य अधिक साठते आणि कडक उन्हात फिके पडते, म्हणून ‘हान्सा’चे सप्टेंबरमधले फूल जुलैतल्यापेक्षा गडद दिसते. पुण्यातही डिसेंबरचा गुलाब एप्रिलच्या गुलाबाहून खोल रंगाचा असतो, कारण तेच.

निवड करताना ‘हान्सा’ एकटाच नाही. १९०१ सालचा फ्रेंच ‘रोझरे द लाई’ त्याच कुळातला, रंगाने अधिक वाइनसारखा आणि माझ्या मते फुलाने अधिक देखणा. पण प्रेअरीच्या, म्हणजे कॅनडाच्या या गवताळ सपाट प्रदेशाच्या, थंडीत माझा भरवसा ‘हान्सा’वर जास्त. ज्यांना जांभळट छटा नको, निखळ गडद लाल हवा, त्यांच्यासाठी कॅनडाच्या सरकारी कृषी संशोधनाने चांगले काम करून ठेवले आहे. ओटावात फेलिसिटास स्वेज्दा यांनी १९६१ पासून संकर करून ‘एक्सप्लोरर’ मालिकेतील गुलाब घडवले. त्यांतला ‘शाँप्लेन’ गडद लाल आहे. मॅनिटोबा प्रांतात हेन्री मार्शल यांच्या कामातून १९६७ साली मखमली किरमिजी ‘कथबर्ट ग्रँट’ आला, आणि १९९५ साली तिथल्याच मॉर्डेनच्या संशोधन केंद्राने रक्तासारखा लाल ‘होप फॉर ह्यूमॅनिटी’ दिला, ज्याचे नाव कॅनेडियन रेड क्रॉसच्या शतकपूर्तीनिमित्त ठेवले गेले. या मॅनिटोबाच्या गुलाबांची युक्ती निराळी आहे. कडक हिवाळ्यात ते बर्फाच्या थरापर्यंत मरतात, पण वसंतात खालून फुटून नव्या फांदीवर त्याच वर्षी फुलतात. ‘हान्सा’ सहसा मरतच नाही. दोन्हींना दुकानात एकच शब्द लावतात, ‘हार्डी’, आणि नवख्याचा गोंधळ इथेच होतो.

दुसरा गोंधळ ‘झोन’ या आकड्याचा. अमेरिकी पद्धतीत हा आकडा फक्त एकाच मापावर बेततो : वर्षातले सर्वांत कमी तापमान, त्याची सरासरी. झोन ३ म्हणजे सुमारे उणे ४० ते उणे ३४ अंश सेल्सिअस, आणि ‘हान्सा’ तिथवर टिकतो. कॅनडाची स्वतःची पद्धत पाऊस, बर्फाचा थर, वारा, हिमविरहित दिवस यांचाही हिशेब धरते, म्हणून दोन नकाशांतले आकडे नेहमी जुळत नाहीत. आणि कॅल्गरीचा खरा शत्रू कोणत्याच आकड्यात पुरता बसत नाही. रॉकी पर्वत उतरून येणारा शिनूक हा उबदार कोरडा वारा ऐन जानेवारीत काही तासांत तापमान वीस-वीस अंशांनी चढवतो, साचलेले बर्फ खाऊन टाकतो, आणि दोन दिवसांनी थंडी पुन्हा कोसळते. ज्या झाडाला अशा उबेची भुरळ पडते ते फसते. शिवाय मुळे गोठलेल्या मातीत असताना फांद्यांतले पाणी वारा उडवून नेतो, म्हणून इथली कितीतरी झाडे थंडीने नव्हे तर तहानेने मरतात.

रोप घेताना मी एकच प्रश्न आग्रहाने विचारतो : हे स्वतःच्या मुळांवर आहे की कलम आहे? आपल्याकडे देशी खुंटावर डोळा भरलेले कलम हेच चांगले रोप समजले जाते आणि तिथे ते योग्यही आहे. थंड प्रदेशात मात्र कलमाचा सांधा हा सर्वांत कच्चा भाग असतो. वरचा भाग मेला की खाली उरतो तो परका खुंट. उत्तर अमेरिकेत ‘डॉक्टर ह्यूई’ नावाचा खुंट फार वापरात आहे. त्याची स्वतःची फुलेही गडद लाल असतात, त्यामुळे जरा उबदार भागांत ‘माझ्या पिवळ्या गुलाबाने रंग बदलला’ असे सांगणारे लोक भेटतात. कॅल्गरीत तेवढेही नशिबात नाही, कारण तो जुन्या फांदीवर फुलतो आणि इथे ती फांदी दर हिवाळ्यात मरते. नुसती पाने आणि काटे मिळतात. मी तीन वर्षे वाट पाहिली, हे कबूल करतो. ‘हान्सा’ स्वतःच्या मुळांवर असला तर जमिनीखालून काहीही फुटो, तो ‘हान्सा’च असतो. कलमच हाती आले तर सांधा जमिनीखाली १० ते १५ सेंटिमीटर जाईल असे खोल लावावे, म्हणजे कालांतराने वरच्या भागाला स्वतःची मुळे फुटतात.

लागवड मेच्या शेवटी, कडक हिमाचा धोका ओसरल्यावर करावी. दिवसाला निदान सहा तास ऊन, पाणी न साचणारी जमीन आणि दीड ते दोन मीटर मोकळी जागा एवढे त्याला पुरते. उंचीही तेवढीच वाढते. मुळांतून दूरवर फुटवे काढण्याची त्याला खोड आहे. कुंपणासाठी ते वरदान, पण नेटक्या वाफ्यात डोकेदुखी. नको असलेला फुटवा वसंतात मुळासकट उपटून मित्राला द्यावा. (मूळ रुगोझा जात उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर इतकी पसरली की तिथल्या वाळूतील वनस्पतींना ती जड झाली, आणि इंग्लंड-वेल्समध्ये ती रानात लावण्यास कायद्याने मनाई आहे. समुद्रकाठी राहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.) पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्यावे, मुळाशी लाकडाच्या चुऱ्याचे किंवा पाल्याचे आच्छादन घालावे. पुढच्या वर्षांपासून तो बराचसा आपला आपण जगतो.

एका बाबतीत मात्र तो इथे हमखास रुसतो. कॅल्गरीची माती चिकण आणि विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, नळाचे पाणीही जड. रुगोझाला वाळूची, किंचित आम्ल जमीन मानवते. त्यामुळे जुलैत कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो तो हाच. जमिनीत लोह असते, पण विम्लतेमुळे ते मुळांना घेता येत नाही. घरी आपण हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, टाकतो. इथेही तो मिळतो, पण अशा मातीत नुसता टाकलेला हिराकस लवकरच पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात जातो. म्हणून लोहाचे चिलेट (लोहाला विरघळलेल्या रूपात धरून ठेवणारे संयुग), त्यातही विम्ल मातीत टिकणारे, पाण्यातून मुळाशी द्यावे आणि दर वर्षी कंपोस्टचा थर घालत राहावे. पाने पिवळी दिसली म्हणून नत्राची मात्रा वाढवणे ही सर्वांत वाईट चूक, कारण त्याने वाढ भडकते आणि झाडाला थांबायला उशीर होतो.

रोगांची चिंता फारशी करावी लागत नाही. काळ्या ठिपक्यांचा जो रोग बागेतल्या इतर गुलाबांना नागवतो तो या सुरकुतलेल्या पानांवर क्वचितच बसतो. उलट औषधेच त्याला सोसत नाहीत. गंधकाची किंवा इतर बुरशीनाशकांची फवारणी केली तर पाने करपतात. हे एका अर्थी सोयीचेच आहे, कारण न फवारलेल्या पाकळ्या खाता येतात. चीनमध्ये याच जातीच्या पाकळ्यांचा मुरंबा आणि चहा करतात, आणि आपण गुलकंद करायला हरकत काहीच नाही. देशी गुलाबाच्या गुलकंदाची चव मात्र अपेक्षू नये. याला लवंगेचा झणका असतो, मला तो पानातल्यापेक्षा दुधात बरा लागतो.

खरा उपद्रव एका सोंडकिड्याचा. लाल पाठ, काळी लांब सोंड, आकार भाताच्या दाण्याहून लहान. जूनमध्ये तो कळ्यांना भोके पाडतो, आत अंडी घालतो. कळी मान टाकते किंवा उमलली तरी पाकळ्यांना गोळी लागल्यासारखी भोके दिसतात. अळ्या कळीतच वाढतात आणि नंतर मातीत उतरून हिवाळा काढतात. भल्या सकाळी, किडा गारठलेला असताना, साबणाच्या पाण्याचे भांडे खाली धरून फांदी हलवावी. हात लागताच मेल्याचे सोंग घेऊन पडण्याची त्याची सवय इथे कामी येते. माना टाकलेल्या कळ्या रोज खुडून पिशवीत बंद कराव्यात, जमिनीवर टाकू नयेत. दोन-तीन हंगाम नेमाने केले तर फरक पडतो. फांदीवर काटेरी लिंबासारख्या गाठी दिसल्या तर त्या एका छोट्या गांधीलमाशीच्या जातीच्या. वसंताआधी कापून नष्ट कराव्यात.

आता ऑगस्ट, आणि हा महिना सांभाळला म्हणजे बरेच साधले. जुलैच्या मध्यानंतर खत बंद. ऑगस्टच्या मध्यापासून सुकलेली फुले खुडणेही बंद, कारण प्रत्येक कापणी म्हणजे नव्या फुटव्याला आमंत्रण. खुडली नाहीत तर त्यांची फळे धरतात, छोट्या टोमॅटोएवढी, नारिंगी-लाल, क जीवनसत्त्वाने भरलेली, आणि पहिल्या बर्फावर ती फुलांइतकीच शोभतात. पाणी सप्टेंबरात हळूहळू कमी करावे. पण पाने गळल्यावर, जमीन गोठण्याच्या आधी, साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, एक भरपूर पाणी अवश्य द्यावे. शिनूकने तहानलेल्या झाडाला हिवाळाभर तोच साठा असतो. ज्या ऑक्टोबरात आपला हात कात्रीकडे जातो, त्या ऑक्टोबरात इथे नळी हातात घ्यायची.

‘हान्सा’ला गुंडाळण्याची गरज नसते. वाटेवरचे साधे, मीठ न घातलेले बर्फ त्याच्या बुंध्याशी लोटावे. भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते आणि ते गोधडीसारखे काम करते. कोवळ्या रोपाला तारेची जाळी मात्र लावावी, कारण कॅल्गरीच्या वस्त्यांतून हिंडणारे पांढरे ससे बर्फावर उभे राहून साल कुरतडतात, आणि बर्फ जितके उंच तितकी त्यांची पोच उंच.

छाटणी मे महिन्यात, फांदीवरचे डोळे फुगू लागल्यावर. काय मेले आणि काय जिवंत आहे हे त्याआधी सांगता येत नाही. नखाने साल किंचित खरवडावी. खाली हिरवे दिसले तर फांदी जिवंत, तपकिरी दिसले तर खाली सरकत जावे आणि हिरवे लागेल तिथे, बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या वर, कापावे. चार-पाच वर्षांनी झुडूप खालून बोडके दिसू लागले की सर्वांत जुन्या, जाड, करड्या फांद्यांपैकी तिसरा हिस्सा जमिनीसपाट काढावा आणि पुढच्या वर्षी आणखी तिसरा. सगळ्या शेंड्यांना सारखी कात्री लावून गोल आकार देऊ नये. पहिला बहर बहुतांशी गेल्या वर्षीच्या फांद्यांवर येतो, तोच त्यात जातो. हातमोजे कोपरापर्यंतचे चामड्याचे असावेत, कारण ‘हान्सा’च्या फांदीवर काटे इतके दाट की बोट ठेवायला जागा सापडत नाही. मेअखेर काहीच फुटलेले दिसले नाही तरी झाड उपटण्याची घाई करू नये. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जमिनीतून लाल कोंब निघालेले मी स्वतः पाहिले आहेत.